क्वालिस डिझेलला सायलेन्सरच्या जागी टर्बो: लॅग किती आणि ऑइल परत कसं आणायचं?

जांबोटी_रोड (बेळगाव)

नमस्कार मंडळी. गाडी टोयोटा क्वालिस, २००३ ची, टू-एल इंजिन, २४४६ सीसी, विनाटर्बो (टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा दाबणारा पंखा). वापर जास्त करून बेळगाव-जांबोटी-चोर्ला-गोवा, गाडीत सहा-सात माणसं आणि सामान. केरीहून घाट चढताना तिसऱ्याच्या वर गिअर टिकत नाही. बोनेटखाली एसीच्या नळ्या, बॅटरी आणि फिल्टरचा डबा आहे. तिथे टर्बो घुसवायचा तर अर्धं सामान हलवावं लागेल. म्हणून सायलेन्सर काढून त्या जागी, मागच्या एक्सलच्या अलीकडे टर्बो टांगायचा विचार आहे. कंप्रेशन चारही सिलिंडरांत २९ ते ३१ किलो, ब्रीदरला (इंजिनाच्या पोटातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीला) धूर नाही.

एवढ्या लांबून हवा आणली तर लॅग (पेडल दाबल्यापासून जोर येईपर्यंतचा उशीर) किती पडेल? टर्बो चेंबरच्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीच्या) खाली लटकणार, मग ऑइल वर कसं चढवायचं? आणि इंजिनाच्या डिझेल पंपातून डिझेल किती वाढवायचं?

उद्यमबाग_लेथ

लॅगचं आधी उरकतो, कारण सगळे तिथेच अडकतात. पाइप लांब म्हणून लॅग, हा हिशेब चुकीचा आहे. आतून ५० मिमीचा पाइप ३ मीटर धरला तर त्यात ५.९ लिटर हवा मावते. तो अर्ध्या बारपर्यंत (एक बार म्हणजे साधारण वातावरणाएवढा दाब) भरायला साधारण ३ लिटर जादा हवा लागते. तुमचं इंजिन २००० आरपीएमला दर सेकंदाला ३५ लिटरच्या आसपास हवा ओढतं, म्हणजे पाइप भरायला सेकंदाचा दहावा हिस्सा. गिअर टाकायलाही याहून जास्त वेळ जातो.

खरा लॅग एक्झॉस्टच्या बाजूला आहे. टर्बाइन गरम वायूवर फिरतो, आणि डिझेलचा वायू पेट्रोलपेक्षा मुळातच थंड. एक्झॉस्ट मॅनिफोल्डला (सिलिंडरांचा धूर एकत्र करणाऱ्या भागाला) ५०० अंश असलेला वायू अडीच मीटर उघड्या पाइपातून ३५० वर आला की त्याचं आकारमान वीस टक्क्यांनी घटतं. म्हणजे टर्बाइनला तुमचं इंजिन २.४ चं नाही, जेमतेम दोन लिटरचं भासतं. म्हणून टर्बाइन हाउसिंग एक माप लहान घ्यायचं. टोयोटाच्याच टू-एल-टी (टू-एल चाच टर्बोवाला प्रकार) इंजिनवरचा सीटी-२० टर्बो मिळाला तर चालेल, पण पुढे जसा लवकर उठतो तसा मागे उठणार नाही. दोन लिटर डिझेल इंजिनाचा छोटा वेस्टगेटवाला (दाब वाढला की जादा वायू बाजूने सोडणारी झडप असलेला) टर्बो मागच्या जागेला जास्त जुळतो.

आता पाइप. टर्बोच्या आधीचा पाइप मोठा करू नका, आहे त्याच मापाचा, ४५ मिमीच्या आसपास ठेवा. मोठा केला की वायूचा वेगही गेला आणि उष्णताही गेली. टर्बोनंतर मात्र अडीच इंची मोकळा पाइप. टर्बोच्या आधीच्या भागाला ५० मिमी रुंदीची ग्लास फायबरची पट्टी, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर १५ मिमी चढवून. अडीच मीटरला अकरा-बारा मीटर पट्टी लागते. ओली करून ओढून गुंडाळा, टोकांना स्टीलचे क्लॅम्प.

साध्या लोखंडी पाइपावर ही पट्टी बांधून खानापूरच्या पावसात फिरलात तर पट्टी पाणी धरून ठेवते आणि पाइप आतल्या आत सडतो. ४०९ किंवा ३०४ स्टेनलेस वापरा. पण ३०४ वाढतो जास्त: अडीच मीटर पाइप ४०० अंशांनी तापला की साडेसतरा मिमी लांबतो, लोखंड १२ मिमी. ही वाढ कुठे जाणार याचा विचार न करता दोन्ही टोकं घट्ट बसवली की मॅनिफोल्डची फ्लँज तडकते, नाहीतर टर्बोचे स्टड तुटतात. मॅनिफोल्डच्या खाली लगेच एक स्टेनलेस बेलो (लवचिक वळ्यांची नळी), दुसरा टर्बोच्या अलीकडे. टर्बोचं वजन पाइपावर टाकू नका. चॅसीला ५ मिमी पट्टीचा ब्रॅकेट करून त्यावर टर्बो पक्का, आणि पाइप रबरी हँगरवर सरकता.

खानापूर_डिझेल

ऑइल. मागे बसवलेले टर्बो मरतात ते इथेच, म्हणून जरा लांबवर लिहितो.

जाणारी लाइन ऑइल प्रेशर स्विचच्या जागी टी लावून घ्या. तिथे एक सुती (१/८ इंची) बीएसपीटी, म्हणजे ब्रिटिश मापाचे आटे आहेत, इंचाला २८. बाजारात मिळणारं एनपीटी, म्हणजे अमेरिकन मापाचं फिटिंग २७ आट्यांचं. दोन-तीन फेरे बसतं, मग अडकतं. लोक पाना लावून आवळतात आणि ब्लॉकचे आटे घालवतात. फिटिंग हाताने किमान चार फेरे गेलं तरच ते बरोबर.

लाइन टेफ्लॉनची, वर स्टीलची जाळी असलेली, आतून ५-६ मिमी. उद्यमबागेत हायड्रॉलिक होज क्रिंप करून देणारे बरेच आहेत, पण साधी रबरी हायड्रॉलिक होज टर्बोजवळ लावू नका, ती कडक होऊन चिरते. टर्बोच्या तोंडाशी दीड मिमी भोकाचा रिस्ट्रिक्टर टाका. पुढच्या टर्बोला बुश बेअरिंग असेल तर याची गरज नसते. इथे परतीचा पंप जेवढं ओढू शकतो त्याहून जास्त ऑइल येऊ नये म्हणून लागतो. शिवाय लाइनमध्ये एक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवा, ०.२-०.३ बारला उघडणारा. नाहीतर इंजिन बंद केल्यावर वरचं ऑइल रात्रभर सावकाश खाली टर्बोत उतरतं आणि सकाळी पहिल्या स्टार्टला सगळी गल्ली निळ्या धुरात.

परतीसाठी टर्बोच्या थेट खाली २००-३०० मिलीचं छोटं भांडं वेल्ड करून घ्या. टर्बो ते भांडं नळी आतून १६ मिमी, सरळ खाली, कुठेही चढ नाही. टर्बोचं ऑइलचं तोंड उभ्या रेषेपासून तीस-पस्तीस अंशांपलीकडे कलता कामा नये. भांड्याला वरून एक बारीक ब्रीदर, तो टॅपेट कव्हरला जोडायचा. भांड्याच्या तळातून जाळीचा गाळणा, मग १२ व्होल्टचा गिअर पंप, मग १० मिमी लाइनने चेंबरमध्ये ऑइलच्या पातळीच्या वर. डायफ्रॅमचा पंप स्वस्त पडतो, पण त्याचं रबर १०० अंशांच्या ऑइलला टिकत नाही. सील विटॉनचे (गरम ऑइलला टिकणाऱ्या रबराचे) आहेत ना, ते विकत घेतानाच विचारा.

पंप पुरतो का हे अंदाजाने ठरवू नका. इंजिन गरम करा, परतीची नळी मापाच्या डब्यात सोडा, २५०० आरपीएमवर १५ सेकंद धरा, आलेल्या ऑइलला चारने गुणा. पंपाने मिनिटाला त्याच्या दुप्पट ओढलं पाहिजे. मापताना चेंबरचं ऑइल कमी होतंय हे विसरू नका.

वायरिंग: पंप रिलेवर, १० अँपिअरचा फ्यूज. चावी ऑन झाली की पंप चालू, आणि बंद केल्यावर टायमरने आणखी एक मिनिट. पंपाच्या पुढे छोटा प्रेशर स्विच आणि डॅशबोर्डवर दिवा. फ्यूज गेला आणि चालकाला कळलंच नाही, तर टर्बोच्या पोटात ऑइल तुंबतं आणि सीलमधून दोन्हीकडे निघतं. टर्बाइनकडे गेलं तर नुसता धूर. कंप्रेसरकडे (हवा दाबणाऱ्या बाजूला) गेलं तर ते तीन मीटर पाइपाच्या सगळ्यात खोल जागी साठतं, आणि एखाद्या चढावर बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब) आला की एकदम इंजिनात. मग डिझेल इंजिन स्वतःच्या ऑइलवर पळतं, चावी काढली तरी बंद होत नाही. म्हणून पाइपाच्या सर्वांत खालच्या बिंदूला ड्रेन कॉक, दर आठवड्याला उघडून बघायचा. आणि इनटेक मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या भागाच्या) तोंडाशी केबलने बंद होणारी फ्लॅप. ही फ्लॅप हौस म्हणून सांगत नाही, हं.

पहिला स्टार्ट: टर्बोत वरून ५० मिली ऑइल, स्टॉप सोलेनॉइडची (डिझेल बंद करणाऱ्या व्हॉल्व्हची) वायर काढून परतीला ऑइल दिसेपर्यंत क्रँक, मगच वायर जोडायची.

निपाणी_४०७

एवढं सगळं करण्यापेक्षा पुढेच बसवा की! टू-एल-टी चं मॅनिफोल्ड मिळवा, बॅटरी सरकवा, ऑइल आपोआप उतरतं, पंप नको, भांडं नको. मागचा टर्बो हा अमेरिकेतल्या मोठ्या व्ही-८ पेट्रोल गाड्यांचा प्रकार. तिथे एक्झॉस्ट ८०० अंशांच्या वर, इंजिन पाच-सहा लिटरचं, थोडी उष्णता वाटेत सांडली तरी भागतं. आपल्या अडीच लिटर डिझेलला ती चैन परवडणारी नाही.

उद्यमबाग_लेथ

मुद्दा खरा आहे. जागा करता येत असेल तर पुढेच. पण मॅनिफोल्ड मिळालं तरी एसीच्या नळ्या वळवायच्या, गॅस काढून भरायचा, टर्बोच्या शेजारी वायरिंग भाजणार नाही एवढं पत्र्याचं आवरण द्यायचं, हे सगळं आहेच. मागे एक फायदा फुकट मिळतो: अर्ध्या बारला कंप्रेसरमधून हवा १०० अंशांच्या आसपास तापून निघते आणि तीन मीटर ॲल्युमिनियमच्या पाइपातून वाऱ्यावर गार होत येते. एवढ्या बूस्टला वेगळा इंटरकूलर लागत नाही. फक्त तो पाइप एक्झॉस्टच्या बाजूने न्यायचा नाही, चॅसीच्या दुसऱ्या अंगाने.

जोडांना चार थरांची सिलिकॉन नळी, टी-बोल्ट क्लॅम्प, आणि पाइपाच्या टोकांना बीड उठवलेली हवी. गुळगुळीत टोकावरून नळी निसटते, मग वेस्टगेटला दाब मिळत नाही आणि टर्बो मोकाट फिरतो. वेस्टगेटची नळी कंप्रेसरच्या तोंडावरूनच घ्या, बूस्ट मीटरची मात्र इनटेक मॅनिफोल्डवरून. दोन्हींत थोडा फरक दिसेल, तो पाइपाचा. सगळं झाल्यावर पंक्चरवाल्याच्या हवेने ०.७ बार भरून साबणाचं पाणी मारून बघा.

ब्रीदरची नळी इनटेक मॅनिफोल्डला जात असेल तर ती आधी काढा. बूस्टची हवा उलटी क्रँककेसमध्ये शिरली की सगळे ऑइल सील गळायला लागतील. कॅच-कॅनमध्ये (ऑइलची वाफ धरणाऱ्या वेगळ्या डब्यात) सोडा.

जांबोटी_रोड

धन्यवाद, पुष्कळ कळलं. पुढची जागा आधी पुन्हा मोजून बघतो. मागेच करायचं ठरलं तर फिल्टर टर्बोलाच लावला तर? आणि डिझेलचं राहिलं. पासिंगही पुढच्या वर्षी आहे.

चंदगड_घाट

फिल्टर टर्बोला लावू नका. मागच्या चाकाचा चिखल आणि जांबोटी रस्त्याची लाल धूळ थेट त्यावर येईल. पावसाळ्यात तर विचारूच नका. तुमच्या इंजिनाचं कंप्रेशन २२ च्या वर, एका सिलिंडरमध्ये पिस्टन वर असताना जागा उरते फक्त २८-२९ मिलीची. म्हणजे एका वेळी दोन मोठे चमचे पाणी आत गेलं की कनेक्टिंग रॉड वाकला. पाइप मागच्या बाजूच्या पॅनेलमध्ये खिडकीच्या पातळीपर्यंत वर न्या आणि तिथे कागदी फिल्टरचा बंद डबा बसवा, तळाला पाणी निघायला भोक. तेल लावलेला कापडी फिल्टर आपल्या धुळीला नको, बारीक धूळ त्यातून जाते आणि कंप्रेसरची पाती घासते.

डिझेल. आधी डिझेल पंपाला हात न लावता नुसता टर्बो चालवा. ताकद फारशी वाढणार नाही, पण धूर कमी होईल आणि एक्झॉस्टचं तापमान उतरेल. ताकद डिझेलमधून येते, टर्बो फक्त ते जाळायला हवा देतो. मग पंपाचा फुल-लोड स्क्रू (जास्तीत जास्त डिझेल ठरवणारा) एका वेळी एक अष्टमांश फेरा, त्याहून जास्त नाही. आयडल वर गेलं तर तो स्क्रू वेगळा उतरवा. विनाटर्बो पंपात बूस्टप्रमाणे डिझेल वाढवणारा डायफ्रॅम नसतो, त्यामुळे बूस्ट येण्याआधी खालच्या आरपीएमला काळा धूर येणारच. मागच्या टर्बोत तो जास्त दिसतो. धूर चालत नसेल तर टू-एल-टी चा पंप शोधा.

मर्यादा तापमान ठरवेल. तापमान मोजणारा के-टाइप प्रोब एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये, टोक वायूच्या मधोमध. टर्बोजवळ लावला तर तो शंभर-दीडशे अंश कमी दाखवेल आणि तुम्ही निर्धास्त होऊन स्क्रू फिरवत बसाल. पूर्ण भरलेल्या गाडीने लांब चढावर ७०० च्या वर गेलं की स्क्रू मागे. बूस्ट ०.५ बारच्या वर नको. टर्बोवाल्या टू-एल-टी ची हेडं तडकायची, हे सगळ्यांना माहीत आहे. तुमच्या इंजिनाचं कंप्रेशन तर त्याहूनही जास्त. रेडिएटर आधी रॉडिंग (आतल्या नळ्या सळईने साफ) करून घ्या. चौथ्यात चढावर आरपीएम वाढतो आणि वेग वाढत नाही असं झालं की क्लच गेला समजा.

पासिंगचं सरळ सांगतो. आरसीवरच्या मूळ तपशिलापासून फरक पडेल असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-ए खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. केए-२२ ची पाटी घेऊन गोव्यात उतरलात तरी कायदा तोच. विमा कंपनीही अपघातात हेच कारण पुढे करेल. धुराची मर्यादा तुमच्या वयाच्या डिझेलला ६५ एचएसयू (धुराच्या दाटपणाचं माप) आहे, स्क्रू जास्त फिरवलात तर तिथेच नापास. शेतावर किंवा खासगी ट्रॅकवर चालवायची गाडी असेल तर गोष्ट वेगळी.

खानापूर_डिझेल

एक राहिलं. ऑइल १५डब्ल्यू-४०, सीएच-४ किंवा सीआय-४, दर ५००० किलोमीटरला. लाइन आणि भांडं धरून अर्धा-पाऊण लिटर जादा लागेल. पहिल्यांदा इंजिन चालवून बंद करा, पंपाचा टायमर संपू द्या, दहा मिनिटं थांबा आणि मगच डिपस्टिक बघा. पंप चालू असताना बघितलं तर पातळी चुकीची दिसते.