मदत हवी आहे: उंचीवर डाव्या जवनिकेत (हृदयाच्या खालच्या कप्प्यात) रक्त कमी का भरतं, हे वेगळं कसं काढायचं?

५,००० मीटरवर काही आठवडे राहिलेल्या निरोगी लोकांचे इको (हृदयाची सोनोग्राफी) वाचायचे आहेत. सुरुवातीला नाडी वाढते. मग प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) घटतो, ठोक्यागणिक रक्त कमी बाहेर पडतं. इजेक्शन फ्रॅक्शन (भरलेल्या रक्तापैकी बाहेर पडणारा हिस्सा) मात्र टिकून राहतं, म्हणजे दोष स्नायूच्या आकुंचनाचा नाही. इथवर ठीक.

प्रश्न असा: रक्त कमी भरतं ते प्लाझ्मा घटल्यामुळे, की फुप्फुसातल्या वाहिन्या आकसून उजव्या जवनिकेवर दाब येतो आणि दोन्ही जवनिकांमधला पडदा डावीकडे सरकतो म्हणून? सलाइनने पहिलं कारण तपासता येईल (हात राखूनच, फुप्फुसात पाणी भरण्याची भीती असते), ऑक्सिजनने दुसरं. पण आठवडे उलटले की वाहिन्यांच्या भिंतीच जाड होतात, मग ऑक्सिजन देऊनही दाब पुरता उतरत नाही. तिथेच सगळं अडतं.

शिवाय उजवीकडचा दाब ट्रायकस्पिड (हृदयाच्या उजव्या बाजूची झडप) गळतीच्या वेगावरून काढतात, वेगाचा वर्ग गुणिले ४: वेग ३ मीटर प्रति सेकंद धरला तर झडपेच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक ३६ मिमी (पारा), तोच ३.३ वाचला तर जवळपास ४४. प्रोब जरा तिरका धरला की वेग कमीच दिसतो.

पडद्याचा चपटेपणा शॉर्ट ॲक्सिसमध्ये (हृदयाच्या आडव्या छेदात) डायस्टोलच्या (हृदय सैलावण्याच्या) शेवटी मोजावा की सिस्टोलच्या (आकुंचनाच्या)? आणि आधी सलाइन द्यावं की ऑक्सिजन?