शब्दचर्चा : खासगीपणा की गोपनीयता?

प्रश्न (निपाणी) :

आमच्या वाचनालयातर्फे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी मराठीतून एक माहितीपत्रक काढायचे ठरले आहे. इंटरनेटवर नागरिकांच्या स्वातंत्र्यासाठी झगडणाऱ्या संस्था, म्हणजे अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन आणि आपल्याकडील इंटरनेट फ्रीडम फाउंडेशन, नेमके काय काम करतात, हे त्यात सांगायचे आहे. मजकूर लिहिताना ‘प्रायव्हसी’, ‘सर्व्हेलन्स’, ‘सिव्हिल लिबर्टीज’ आणि ‘इंटरनेट शटडाउन’ या शब्दांपाशी अडलो आहे. छापील मजकुरात त्यांच्यासाठी अनुक्रमे गोपनीयता, निगराणी, नागरी स्वातंत्र्य आणि सेवा खंडित असे शब्द आढळतात. तेच ठेवावेत की दुसरे शोधावेत? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर (बेळगाव) :

‘गोपनीयता’ रूढ झाला आहे हे मान्य आहे, तरीही तो या पत्रकात ‘प्रायव्हसी’साठी वापरू नये, असे मी आग्रहाने सांगेन. मंत्री पदाची आणि गोपनीयतेची शपथ घेतात, कार्यालयातल्या लिफाफ्यावर ‘गोपनीय’ असा शिक्का असतो, कर्मचाऱ्याचा गोपनीय अहवाल त्याचे वरिष्ठ लिहितात. या शब्दाचा मुख्य वावर सत्तेच्या दालनात आहे आणि ‘इतरांना कळता कामा नये अशी गोष्ट’ हा त्याचा गाभा आहे. तोच शब्द सामान्य माणसाला चिकटवला की ‘लपवण्यासारखे काही नसेल तर घाबरता कशाला?’ हा प्रश्न पाठोपाठ येतो. घरात कोण आजारी आहे, कोणाकडून किती उसने घेतले, मुलीच्या सोयरिकीची बोलणी कुठवर आली, यांत लपवण्याजोगे काही नसते. तरी ते कोणाला सांगायचे हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. हा ठरवण्याचा हक्क ‘खासगीपणा’ या शब्दात नीट उतरतो.

या संस्थांचे काम दुहेरी असल्यामुळे शब्दांचा हा भेद पाळणे अधिकच गरजेचे आहे. इंटरनेट फ्रीडम फाउंडेशन २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करून सरकारी कागद बाहेर काढते आणि त्याच वेळी नागरिकांची माहिती सरकारने किंवा कंपन्यांनी वाटेल तशी गोळा करू नये म्हणून न्यायालयात उभी राहते. आता हे वाक्य पाहा : ‘ही संस्था सरकारच्या गोपनीयतेला आव्हान देते आणि नागरिकांच्या खासगीपणाचे रक्षण करते.’ दोन्ही ठिकाणी ‘गोपनीयता’ लिहिले, तर वाक्य स्वतःलाच खोडून काढते.

‘खासगी’ आपल्या इतिहासातही मुरलेला आहे. होळकरांच्या राज्यात ‘खासगी’ म्हणजे राजघराण्याच्या स्वतःच्या उत्पन्नाचा कारभार. तो सरकारी दौलतीपासून वेगळा ठेवला जाई. सरकारचा हात जिथे पोहोचत नाही ते खासगी, हा अर्थ तेव्हापासून चालत आला आहे. शिवाय आपल्या भागात या शब्दाचा आणखी एक लाभ आहे. कन्नडमध्ये ‘प्रायव्हसी’ला ‘खासगितन’ म्हणतात आणि हक्काला ‘हक्कु’. चिकोडी-हुक्केरीकडचा कन्नड भाषक शेजारी ‘खासगीपणाचा हक्क’ हे शब्द भाषांतरावाचून समजेल. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने ज्या प्रकरणात हा हक्क मूलभूत ठरवला, ते प्रकरणही कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्याच नावाने ओळखले जाते.

‘निगराणी’ मात्र अजिबात नको. निगा, निगराणी हे माया आणि काळजी यांचे शब्द आहेत. आपण झाडांची निगा राखतो, बाळंतिणीची निगा राखतो, आणि कन्नड दवाखान्यातला अतिदक्षता विभागसुद्धा ‘तीव्र निगा घटक’ असतो. कोणी आपले फोन ऐकत असेल, आपण कुठे गेलो आणि कोणाला भेटलो याची नोंद ठेवत असेल, तर त्याला मराठीत ‘पाळत’ म्हणतात. पाळत ठेवली जाते ती माणसाच्या नकळत, त्याच्या भल्याचा विचार न करता, आणि हे सगळे त्या एका शब्दात कोणालाही समजते. १९९६ साली पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने फोन टॅपिंगला कार्यपद्धतीचे निर्बंध घातले, हे सांगताना ‘दूरध्वनी निगराणी’ लिहिले तर वाचकाला वाटेल की फोनची देखभाल चालली होती.

आता ‘नागरी’. या विशेषणाचे दोन अर्थ आहेत आणि आपल्याकडे ‘शहरी’ हा अर्थच जास्त ऐकू येतो : नागरी वस्ती, नागरी सुविधा, नागरी सहकारी बँक. खानापूर तालुक्यातल्या वाडीवरचा मुलगा ‘नागरी स्वातंत्र्य’ वाचून ते बेळगाव-हुबळीवाल्यांचे प्रकरण समजला, तर त्याला दोष देता येणार नाही. ‘नागरी स्वातंत्र्य’ला मोठी परंपरा आहे हे मी जाणतो, सासवडला जन्मलेले न्यायमूर्ती वि. म. तारकुंडे यांच्यासारख्यांनी आयुष्यभर केलेले काम मराठीत याच नावाने ओळखले जाते. तेव्हा इतिहास सांगताना तो शब्द जरूर ठेवावा, परंतु विद्यार्थ्यांना उद्देशून लिहिताना ‘नागरिकांची स्वातंत्र्ये’ असे उलगडून लिहावे. अनेकवचन मुद्दाम सुचवतो आहे. बोलण्याचे, वाचण्याचे, एकत्र येण्याचे आणि पाळतीविना जगण्याचे अशी ती निरनिराळी आहेत आणि त्यांतले एक गेले तरी बाकीची शिल्लक असल्याचा आभास राहू शकतो.

‘सेवा खंडित’ हे तर कर्ता दडवणारे शब्द आहेत. रस्त्याच्या कामात केबल तुटली की सेवा खंडित होते. जिल्हाभरचे इंटरनेट लेखी आदेशाने बंद केले जाते तेव्हा ती ‘इंटरनेटबंदी’ असते, कारण संचारबंदी, जमावबंदी या जोडशब्दांमुळे ‘बंदी’मागे कोणाची तरी सही असते हे मराठी माणसाला पक्के ठाऊक आहे. १० जानेवारी २०२० च्या अनुराधा भसीन निकालात सर्वोच्च न्यायालयाने असे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत आणि बंदी बेमुदत असू शकत नाही, असे स्पष्ट केले. सही शोधायची कोणाची आणि आदेश मागायचा कोणाकडे, हे ‘बंदी’ म्हटल्यावरच सुचते.

उत्तर (खानापूर) :

वकिली करताना आलेल्या अनुभवातून एक भर घालतो. इंटरनेटवर ‘आक्षेपार्ह’ मजकूर पाठवणे हा गुन्हा ठरवणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ ‘रद्द झाले’ एवढेच लिहू नये. २०१२ साली पालघरमध्ये बंदविषयी फेसबुकवर लिहिल्यावरून दोन तरुणींना अटक झाली, त्यावरून देशभर गदारोळ झाला, आणि २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल प्रकरणात हे कलम घटनाबाह्य ठरले. तरीही ते छापील कायद्यात तसेच राहिले आणि निकालाची नोंद तळटीपेत गेली. पोलीस ठाण्यांत पुढची काही वर्षे त्या कलमाखाली गुन्हे नोंदले जातच राहिले. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीजने इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनच्या कायदेशीर साहाय्याने हे न्यायालयाच्या निदर्शनास आणले, आणि या कलमाखाली कोणावरही खटला चालवू नये असा आदेश ऑक्टोबर २०२२ मध्ये झाला. म्हणून ‘घटनाबाह्य ठरवले’ असेच लिहावे. कागदावर दिसणारे कलमही निर्जीव असू शकते, हे विद्यार्थ्यांना त्यातून कळेल. या संस्थांचे बरेचसे काम असेच असते : निकाल मिळवायचा आणि मग तो पाळला जातो की नाही याचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करायचा.

‘इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन’ या नावाचे भाषांतर मात्र कृपा करून करू नये. १९९० मध्ये मिच केपर, जॉन गिलमोर आणि जॉन पेरी बार्लो यांनी ही संस्था काढली तेव्हा ‘फ्रंटियर’मध्ये त्यांना नव्याने वसू लागलेला मुलूख अभिप्रेत होता. आपण ‘सीमा’ म्हटले की सीमाभागात दुसरेच सगळे आठवते.

‘कन्सेन्ट’साठी काय सुचवाल?

उत्तर (बेळगाव) :

‘संमती’. ‘परवानगी’ नको, कारण परवानगी लहानाने मोठ्याकडे मागायची असते आणि बहुधा ती एकदाच मिळते, तर संमती बरोबरीने दिली जाते आणि परतही घेता येते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती मागे घेण्याची तरतूद आहेच. त्याच कायद्यात म्हटले आहे की संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय दिला पाहिजे. मराठी त्या अनुसूचीत आहे, आणि वाचणारा कोणत्या राज्यात राहतो याची अट तिथे घातलेली नाही. सातबाऱ्याच्या उताऱ्यापासून बसवरच्या पाटीपर्यंत मराठीसाठी अर्जविनंत्या करणाऱ्या आपल्या लोकांना ही तरतूद ठाऊकच नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. पत्रकात ती ठळक अक्षरांत यावी.

खडेबाजारातल्या एका मोबाइलच्या दुकानात गेल्या महिन्यात एक वयस्क बाई नवीन फोन घेत होत्या. पडद्यावर इंग्रजी मजकुराचे पान उघडले, त्यांनी ‘हे काय विचारतंय?’ म्हणून फोन पुढे केला, आणि दुकानातल्या पोराने ‘काही नाही मावशी, अलाऊ करायचं’ म्हणत एकामागून एक चार वेळा बोट टेकवले. संपर्क, फोटो, मायक्रोफोन, लोकेशन असे सारे खुले झाले. पोराच्या मनात काही वावगे नव्हते. गिऱ्हाइकांची रांग होती. परंतु बाईंनी जो प्रश्न विचारला होता त्याचे उत्तर मराठीत मिळण्याचा त्यांना हक्क होता. पत्रकात ‘संमती’ची व्याख्या देताना असे लिहावे, असे सुचवतो : ‘काय विचारले आहे ते आपल्या भाषेत वाचून, समजून, नाही म्हणण्याची मोकळीक असताना स्वतः दिलेला होकार.’ यात ‘स्वतः’ हा शब्द गाळू नये.