गडांच्या मूल्यमापनात गावाच्या उत्पन्नाला गुण द्यावेत का?

माचीकर
जुलै २०२५ मध्ये बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. अकरा आपले, बारावा तमिळनाडूतला जिंजी. उरलेल्या गडांनाही गुण देऊन दुरुस्तीचा क्रम ठरवावा, हे मान्य. पण तटबंदीची अवस्था आणि पायथ्याच्या गावाचं संभाव्य उत्पन्न यांची एकच बेरीज करू नये. तशी केली की रस्त्यालगतचा गड वर चढतो आणि आडबाजूचा मागे पडतो, मग त्याचा बुरूज उद्या का पडेना.

पाहणी भर पावसात करा. फांजीवरचं, म्हणजे तटाच्या माथ्यावरच्या वाटेवरचं पाणी कुठून वाहतं, ते बाहेर सोडणारी तटातली कुठली मोरी बुजली आहे, हे तेव्हाच दिसतं. मोरी बुजली की पाणी तटाच्या पोटात मुरतं, आतला भराव फुगतो आणि दर्शनी चिरे बाहेर येतात. ओळंबा लावून फुगवटा मोजा. भेगेवर काचेची पट्टी चुन्यात बसवून तारीख लिहा. पट्टी तडकली तर भेग अजून हलते आहे. अशा ठिकाणी नुसते सांधे भरून काहीच साधत नाही, आणि सिमेंटने भरले तर आत अडकलेल्या पाण्याची वाटच बंद होते.

पायथ्याकडून
निदान बरोबर आहे, पण उपचार कोण करणार? चुना खड्ड्यात निदान पंधरा दिवस मुरवायचा, घाण्यात मळायचा, सांधे भरल्यावर ओल्या गोणपाटाखाली दोन-तीन आठवडे ओला ठेवायचा. गडावर पाणी टाक्यातलंच. ते एप्रिलपर्यंत टिकतं का, वाळू डोक्यावरून न्यायची की गाढवावरून, जवळपास पाथरवट आहे का, हे मूल्यमापनात नसेल तर अंदाजपत्रक कागदावरच राहतं. ठेकेदार काम संपवून जातो. दर मे महिन्यात मोऱ्या उपसायला गावातलाच माणूस लागतो. त्याला वर्षभर कमाई नसेल तर तो शहरात जाईल. म्हणून गावाला गुण हवेतच.

ओळंबा
मला दोघांचंही पटत नाही. गावाचं उत्पन्न म्हणजे मुक्कामी पर्यटक, आणि ते किती यावेत हे गडावरची सर्वांत अरुंद जागा ठरवते. राजगडावर ती बालेकिल्ल्याची कड्यातली चढण. समजा मिनिटाला चार माणसं तिथून जातात; चढणारे-उतरणारे एकाच वाटेवर, म्हणजे तासाला वर जाणारे १२०. पायथ्याच्या गुंजवणे आणि पाली या दोन्ही गावांकडून रविवारी त्याहून जास्त लोक आले तर रांग कड्यावरच थांबते. हा आकडा आधी काढा, वाहनतळ आणि घरगुती निवासाच्या खोल्या त्यावरून ठरवा. आज सगळं उलट्या क्रमाने चालतं.

माचीकर
@पायथ्याकडून, मजूर, पाणी, चुना हे सगळं कामाच्या नियोजनात घ्या, त्याला माझी हरकत नाही. गुणांत नको, कारण जिथे गाव ओस पडलंय तिथला गड मग कधीच यादीत वर येणार नाही. तटात उगवलेल्या पिंपळाचंही तसंच. जिवंत मूळ ओढून काढलं तर चिरे सोबत येतात. खोड कापून मूळ आधी मारायचं, मग चिऱ्यांवर क्रमांक टाकून तेवढा भाग उतरवून पुन्हा रचायचा. हे काम तिथे कुणी राहत नाही म्हणून दहा वर्षं थांबवता येत नाही.

पायथ्याकडून
मग पन्हाळ्याचं काय करणार? तिथे गडावरच नगरपरिषद आहे, लोक राहतात. केंद्र संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर बांधकामबंदी, पुढचे २०० मीटर परवानगीने. घराचं छप्पर बदलायलाही अर्ज करावा लागणारी माणसं तुमच्या तक्त्यात कुठल्या रकान्यात बसतात, तेवढं सांगा.