अथेन्सच्या नाण्यावरचं घुबड सरळ आपल्याकडे का बघतं?

वागळेकर_टूलरूम

नमस्कार मंडळी. मी डायमेकर, म्हणजे धातूवर छाप उठवायचे उलटे ठसे (डाय) कोरणारा. वागळे इस्टेटमध्ये एकतीस वर्षं टूलरूममध्ये काढली, आता निवृत्त आहे. नातीला शाळेच्या प्रकल्पासाठी जुन्या ग्रीक आणि रोमन नाण्यांवरच्या प्राण्यांचे फोटो हवे होते. ते शोधता शोधता मीच त्यात अडकलो. चार दिवस झाले, मोबाईलवर एकेक नाणं मोठं करून बघतोय.

बैल, रानडुक्कर, गरुड, पंखांचा घोडा, डॉल्फिन, सगळे आडवे, म्हणजे एका बाजूने दाखवलेले. आमच्या धंद्यातल्या माणसाला हे लगेच पटतं. समोरून चेहरा काढायचा तर नाक पुढे येतं, म्हणजे डायमध्ये तेवढा खोल खड्डा करावा लागतो. हातोडीच्या एका घावात धातू तिथपर्यंत चढत नाही. दुसरा घाव घालावा तर चकती सरकते आणि चित्र दुहेरी उमटतं. त्यापेक्षा बाजूचा चेहरा परवडतो.

मग अथेन्सचं घुबडच तेवढं मान वळवून समोर का बघतं? एवढा त्रास का घेतला असेल?

दुसरा प्रश्न. त्या घुबडाचे पाच फोटो मिळाले आणि पाचही घुबडं वेगळी आहेत. एकाचे डोळे मोठे, एकाचे पाय आखूड, एकाची चोच जरा तिरकी. यातली काही खोटी असतील का?

नौपाड्याचा_नाणेसंग्राहक

दादा, आधी दुसऱ्याचं उत्तर देतो, ते सोपं आहे. घुबडं वेगळी असणारच, कारण प्रत्येक डाय हाताने स्वतंत्र कोरलेली आहे. उलट दोन नाणी ठिपक्यान्‌ठिपका सारखी दिसली, हवेचे बुडबुडेसुद्धा त्याच जागी असले, की मी सावध होतो. एकाच साच्यात ओतलेली निघतात ती. कडेला जोडाची रेघही सापडते.

तुमच्या कामाची गोष्ट सांगतो. खालची डाय ऐरणीत बसवलेली असायची, तिच्यावर अथेना देवीचं डोकं. वरची डाय म्हणजे हातात धरायचा पंच, त्याच्यावर घुबड. मध्ये तापवलेली चांदीची चकती, वरून हातोडा. घाव थेट पंचावर पडतो, म्हणून वरची डाय आधी फुटायची आणि एका खालच्या डायच्या आयुष्यात वरच्या बऱ्याच बदलाव्या लागायच्या. घुबडांत एवढी विविधता दिसते ती म्हणूनच. फोटोत घुबडाभोवती बुडालेली चौकोनी चौकट दिसली असेल, ती त्या पंचाच्या टोकाची कड.

नाणं २४ मिलिमीटरच्या आसपास, वजन १७.२ ग्रॅम. चांदी अथेन्सजवळच्या लॉरियनच्या खाणीतली. घुबडामागे ऑलिव्हची डहाळी आणि चंद्रकोर, पुढे ‘अथे’ अशी तीन ग्रीक अक्षरं.

एक दुरुस्ती सुचवतो. समोर बघणारं घुबड एकटं नाही. सामोस बेटाच्या नाण्यांवर सिंहाचा चेहरा अगदी समोरून आहे.

नेरुळची_पाखरं

काका, तुमचं घुबड मी रोज बघते! नेरुळला आमच्या सेक्टरमधल्या पर्जन्यवृक्षाच्या ढोलीत पिंगळ्यांची जोडी राहते. अथेन्सच्या नाण्यावरचा पक्षी आणि आपला पिंगळा हे सख्खे चुलत भाऊ. त्याचं शास्त्रीय नाव अथीनी नॉक्टुआ, आपल्या पिंगळ्याचं अथीनी ब्रामा. दोघांच्या नावात ती देवी बसलेली आहे. माझी आजी सांगायची, पहाटे पिंगळा जोशी दारात यायचा आणि पिंगळ्याची बोली ऐकून घरातल्यांचं भविष्य सांगायचा. तिकडे तो ज्ञानाच्या देवीचा पक्षी, इकडे त्याची भाषा कळणारा माणूस दारोदार फिरतोय. मला हे फार आवडतं.

आता तुमचा प्रश्न. पिंगळा फांदीवर आडवा बसलेला असतो. आपण झाडाखाली गेलो की अंग तसंच ठेवून फक्त डोकं आपल्याकडे फिरवतो आणि टक लावतो. त्याचे डोळे माणसासारखे दोन्ही पुढे, पण ते खोबणीत फिरत नाहीत, म्हणून अख्खी मानच वळवावी लागते. नाण्यावरचं घुबड तसंच बसलंय. ज्याने ते पहिल्यांदा काढलं त्याने पक्षी नीट बघितला होता. आणि चेहरा म्हणाल तर चपटा, ताटलीसारखा. चोच एवढीशी, तीही खाली वळलेली.

वागळेकर_टूलरूम

ताई, तुमच्या शेवटच्या दोन वाक्यांत माझं उत्तर आहे. चपटा चेहरा! म्हणजे खोल खड्डा लागतच नाही. दोन डोळ्यांची गोल वर्तुळं, मध्ये चोचीची बारीक खाच, डोक्यावरच्या पिसांना ठिपके. सगळं एकाच खोलीत बसतं. माणूस समोरून काढायला जे जड जातं ते घुबडाच्या बाबतीत आयतंच सुटलेलं आहे.

नाणेसंग्राहक, तुमचा सामोसचा सिंह शोधून पाहिला. तो जिवंत सिंह नाहीच, सोललेलं कातडं आहे ना? कातडं पसरलं की तेही चपटं. एजिना बेटाचं कासव, अक्रागासचा खेकडा, एफिससची मधमाशी हे तिन्ही वरून बघितल्यासारखे काढलेत. ज्या प्राण्याची जी बाजू सपाट, ती त्यांनी धरली. कासवाची पाठ तेवढी फुगीर, आणि बहुतेक फोटोंत तीच मधोमध झिजलेली दिसली.

नौपाड्याचा_नाणेसंग्राहक

कातडंच आहे, बरोबर ओळखलंत. इतकी वर्षं नाणी जमवतोय, पण तीन वेगळ्या शहरांचे प्राणी या एका धाग्यात मी कधी ओवले नव्हते.

तुमच्या म्हणण्याला उलट बाजूने पुरावा देतो. सिराक्यूज या ग्रीक शहरात किमोन नावाच्या कारागिराने अरेथुसा ही जलदेवता समोरून कोरली, केसांत डॉल्फिन पोहताहेत अशी. अप्रतिम काम. पण वापरलेल्या नाण्यांवर तिचं नाकच सगळ्यात आधी घासलं जातं. या किमोनने डायवर स्वतःचं नावही घातलंय. क्लाझोमेनाई या ग्रीक शहराच्या एका नाण्यावर एका बाजूला समोर बघणारा अपोलो, दुसऱ्या बाजूला हंस, आणि अपोलोशेजारी कारागिराने लिहिलंय, ‘थिओडोटसने केलं’.

रोमन नाण्यांवरही प्राणी भरपूर आहेत. ज्युलियस सीझरच्या चांदीच्या नाण्यावर हत्ती, डोमिशियन बादशहाच्या छोट्या तांब्याच्या नाण्यावर गेंडा. गेंडा नातीला जरूर दाखवा, त्याला दोन शिंगं आहेत, म्हणजे तो आफ्रिकेचा. फिलिप बादशहाने इ.स. २४८ मध्ये रोमची हजार वर्षं साजरी केली, तेव्हा सिंह, हरणं, पाणघोडा अशी मालिकाच काढली. वीसेक वर्षांनी गॅलियेनस बादशहाने पुन्हा प्राणी काढले, पण तोवर नाण्यात चांदी नावापुरती उरली होती आणि काम घाईचं. काही हरणांचे पाय नुसत्या काड्या आहेत.

आणि घुबड आपल्या बाजूलाही आलंय. मिनँडर हा ग्रीक राजा, म्हणजे ‘मिलिंदप्रश्न’ या बौद्ध ग्रंथातला मिलिंद, याच्या काही नाण्यांवर अथेना आणि घुबड आहेत, सोबत ग्रीक आणि खरोष्ठी या जुन्या भारतीय लिपीतली अक्षरं. त्याच्या जुन्या द्रम्मांचा (चांदीच्या नाण्यांचा) भडोच बंदरात चलनात असल्याचा उल्लेख एका ग्रीक दर्यावर्दी वृत्तांतात येतो. त्याच वृत्तांतात आपलं कल्याणही आहे.

वागळेकर_टूलरूम

‘थिओडोटसने केलं’ वाचून थोडा वेळ तसाच बसून राहिलो. एकतीस वर्षांत शेकडो डाय केल्या, एकीवरही नाव घालायची मुभा नव्हती. ज्या कारखान्यात होतो तिथे डायवर फक्त नंबर पडायचा. म्हणून गॅलियेनसच्या कारागिराला मी नावं ठेवणार नाही. संध्याकाळपर्यंत डाय द्या म्हणून कुणी डोक्यावर उभं असलं की हरणाच्या पायाच्या काड्याच होतात.

काल घरात पितळेचा २४ मिलिमीटरचा गोल तुकडा होता, त्यात घुबड कोरायला घेतलं. नाण्यावर घुबडाचं अंग उजवीकडे, म्हणून डायमध्ये डावीकडे. डोळ्यासाठी एका जुन्या खिळ्याचं टोक घासून बारीक गोल पंच केला. दोन ठोके, दोन डोळे. तिथेच कळलं की डोळे आधी मारायचे असतात आणि बाकीचा चेहरा त्यांच्याभोवती बसवायचा. मी आधी चोच कोरली होती, त्यामुळे डावा डोळा तिच्या अंगावर आला. मळलेली कणीक दाबून छाप घेतला, नातीने लगेच ओळखलं, ‘आजोबा, पिंगळा!’

आज दुसरा तुकडा घेतला, या वेळी डोळे आधी. पहिल्यापेक्षा पाय आखूड झालेत. दोन्ही जपून ठेवलेत. शिसं मिळालं की हातोडीने छाप काढून फोटो टाकतो.