क्वीन मेरी २ : तीन खेपा झाल्या, चौथ्या खेपेला प्रिन्सेस ग्रिल घ्यावं का?

शाळेतल्या बाई, कोथरूड

नमस्कार. मुलगा इंग्लंडात रेडिंगला आणि मुलगी न्यू जर्सीत, असे आमचे दोन संसार समुद्राच्या दोन काठांना आहेत. सहा वर्षांपूर्वी यांच्या पायात रक्ताची गुठळी झाली. तेव्हापासून पंधरा-सोळा तास एका जागी बसायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. म्हणून आम्ही मुंबईहून लंडनला विमानाने जातो, महिनाभर मुलाकडे राहतो आणि पुढे साउदॅम्प्टनहून क्वीन मेरी २ या प्रवासी बोटीने सात रात्रींत न्यूयॉर्क गाठतो. जाताना दोनदा आणि येताना एकदा, अशा तीन खेपा झाल्या. दोनदा आतली केबिन घेतली होती, एकदा बाल्कनीची.

येत्या जुलैत लग्नाला पन्नास वर्षं होतात. मुलं म्हणतायत, या खेपेला प्रिन्सेस ग्रिलचा स्वीट घ्या, म्हणजे मोठी केबिन आणि जेवायला वेगळं रेस्टॉरंट. भाडं मागच्या बाल्कनीच्या अडीचपट सांगतायत. पैसे मुलं देतायत, पण म्हणून ते पाण्यात घालायचे नाहीत.

माझी खरी अडचण जेवणाची आहे. साध्या केबिनवाल्यांच्या ब्रिटानिया रेस्टॉरंटमध्ये आम्ही पहिल्या पंगतीला, म्हणजे सहाला बसतो. यांची कवळी आहे, एक-एक घास चावून खातात. टेबलावरच्या बाकीच्यांचं गोड येतं तेव्हा यांचं सूप संपत असतं. कोणी काही बोलत नाही, उलट सगळे थांबतात. मग हेच संकोचतात आणि अर्धं ताट सोडून उठतात. तिन्ही खेपांना हेच झालं. रात्री केबिनमध्ये मी त्यांना बिस्किटं देते. पन्नासाव्या वर्षी तरी पोटभर, निवांत जेवावेत एवढीच माझी इच्छा आहे.

आम्ही आता क्युनार्डचे, म्हणजे या बोटीच्या कंपनीचे, जुने प्रवासी झालो, सदस्यत्वाची पायरीही चढलोय. त्या जोरावर ग्रिलमध्ये बसायला मिळतं का? आणि बोटीवर सामानाला मर्यादा नाही म्हणतात, ते कितपत धरून चालायचं? मुलीकडे पितळी समई न्यायची आहे, दोन पैठण्या आणि नातवंडांची पुस्तकं आहेत. शिवाय आषाढी एकादशी बोटीवरच येतेय. आम्ही दोघं कांदा-लसूण चालवून घेतो, पण एकादशी मोडत नाही.

ठाणे ते सिंगापूर

बाई, आम्ही दोघं सिंगापूरहून गेंटिंग ड्रीमने गेलो होतो, तिथल्या पॅलेसमध्ये. पॅलेस म्हणजे बोटीतच वेगळा केलेला स्वीटवाल्यांचा भाग. तिथे वेगळं रेस्टॉरंट, वेगळा पोहण्याचा तलाव आणि बटलर. त्या बोटीवर भारतीय शाकाहारी आणि जैन जेवण मिळतं, त्यामुळे जेवणाची काळजी पडली नाही. पण ती तीन-चार रात्रींची मौजेची फेरी होती, तुमचा तो खरा प्रवास आहे. सात रात्रींत एकदाही बंदर नाही, म्हणजे जेवणाची जागा महत्त्वाची.

सदस्यत्वाबद्दल रॉयल कॅरिबियन या दुसऱ्या बोट कंपनीचं माहीत आहे. तिथे रात्रीला एक पॉइंट, स्वीटमध्ये दोन. ८० पॉइंट झाले की डायमंड, आणि डायमंडला रोज चार पेयं फुकट. क्युनार्डचं जाणकारांनी सांगावं.

बोटीवरलो, वेंगुर्ला

काकी, मी एकोणीस वर्षं बोटीवर काढली, सगळी डायनिंगमध्ये. असिस्टंट वेटर म्हणून चढलो आणि हेड वेटर होऊन उतरलो. आता घरी काजूची बाग बघतो. तुमचं ते अर्ध्या ताटाचं वाचलं आणि लिहिल्याशिवाय राहवलं नाही, कारण असे कितीतरी आजोबा मी पाहिले आहेत.

आधी सदस्यत्वाचं. क्युनार्डमध्ये सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, डायमंड अशा पायऱ्या आहेत. त्यांचे फायदे आहेत, पण जेवणाचं टेबल त्यांच्यावर ठरत नाही, ते केबिनवर ठरतं. शंभर रात्री केलेला माणूस आतल्या केबिनमध्ये असेल तर तो ब्रिटानियात बसेल, आणि पहिल्यांदा चढलेला क्वीन्स ग्रिलच्या, म्हणजे प्रिन्सेसच्याही वरच्या वर्गाच्या, स्वीटमध्ये असेल तर तो सातव्या डेकवरच्या क्वीन्स ग्रिल रेस्टॉरंटमध्ये जेवेल. जुन्या प्रवाशांना हे लागतं, मी समजू शकतो. पण दारावर वाद घालून कोणालाही टेबल मिळालेलं मी पाहिलं नाही.

आता ग्रिलमध्ये नक्की काय मिळतं ते. केबिन मोठी, साधारण ३८० चौरस फुटांची. चढताना वेगळी रांग. ग्रिलवाल्यांसाठी वेगळा लाउंज आणि वरच्या डेकवर वेगळी गच्ची. बटलर मात्र क्वीन्स ग्रिललाच, प्रिन्सेसला नाही. एजंट कधी कधी दोन्हींचे फायदे एकाच दमात सांगून टाकतात, म्हणून विचारून घ्या. ग्रिलला रोजची सेवा-रक्कमही थोडी जास्त लागते, तीही हिशेबात धरा.

पण तुमच्यासाठी यातलं खरं एकच : टेबल तुमचं. सातही रात्री दोघांचं तेच टेबल, आणि जेवणाच्या वेळेत केव्हाही या. दोन पंगतींच्या हॉलमध्ये वेटरच्या डोक्यात सतत घड्याळ असतं. साडेआठची पंगत बसायच्या आत माझी टेबलं उठवून, चादर बदलून, काटे-चमचे लावून तयार व्हायला हवीत. मी कितीही हसून वाढलं तरी ती घाई माझ्या हातात उतरायची आणि समोरच्याला कळायची. ग्रिलमध्ये ते घड्याळ नाही. दुसऱ्या दिवशीच वेटरला कळतं की काका हळू खातात, मग तो काकींचं पुढचं ताट आपणहून थांबवतो आणि दोघांचं एकदम आणतो. हे कुठल्या माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं.

त्याआधी एक मधला रस्ता बघा : ब्रिटानिया क्लब. ती बाल्कनीचीच केबिन असते, पण जेवण ब्रिटानियाला लागून असलेल्या लहान दालनात. तिथेही एकच पंगत, टेबल तुमचं आणि वेळ तुमची. भाडं ग्रिलपेक्षा बरंच खाली. मोठी केबिन आणि गच्ची नको असेल, नुसतं निवांत जेवण हवं असेल, तर मी माझ्या आईवडिलांसाठी क्लब घेतला असता. पण त्या केबिन थोड्या आहेत आणि लवकर जातात. एक लक्षात ठेवा, बोट हलते ती वरच्या डेकवर आणि टोकांना जास्त. काकांच्या पायाचा विचार करता केबिन मधल्या भागातली मागा, लिफ्टपासून जवळ. उत्तर अटलांटिकच्या वाऱ्यात जुलैतही बाल्कनीत शाल लागते.

आषाढीचं बघू. गॅलीत, म्हणजे बोटीच्या स्वयंपाकघरात, साबुदाणा नसतो, आणि प्रवाशाने घरून आणलेलं शिजवून देत नाहीत. अमेरिकेच्या बंदरात लागणाऱ्या बोटींची तिथल्या आरोग्य खात्याकडून अचानक तपासणी होते, १०० पैकी ८६ गुण मिळाले तरच पास. बाहेरचं अन्न गॅलीत घ्यायला म्हणूनच कोणी तयार होत नाही, त्यात वेटरचा आडमुठेपणा नसतो. शेंगदाण्याचं कूटही मागू नका. अॅलर्जीमुळे दाणे वेगळे सांभाळावे लागतात.

मग उपास होतो कसा? माझ्या टेबलावर एकदा दादरच्या एक आजी होत्या, त्यांचीही एकादशी. मी गॅलीतल्या आमच्या माणसाला गाठलं. त्याने बटाटे सालासकट उकडले, सोलून फोडी केल्या, वेगळ्या स्वच्छ तव्यावर तुपात जिरं तडतडवलं, फोडी परतल्या आणि मीठ वरून घातलं. तूप म्हणजे त्याने लोणी कढवून गाळलेलं. सोबत साधं दही आणि कापलेली पपई. आजींनी पहिली फोड उचलली, हुंगली, आणि मला विचारलं, "तू कुठला रे?" वेंगुर्ल्याचा म्हटल्यावर त्यांनी डोळे पुसले. मी त्या रात्री नीट झोपलो नाही, इतकं बरं वाटत होतं.

तेव्हा काकी, "उपवास" एवढंच सांगू नका, त्याचा अर्थ दहा देशांच्या माणसांना दहा प्रकारे लागतो. काय चालतं ते सांगा : बटाटा, दही, दूध, फळं, जिरं, मीठ. धान्य नको, कांदा-लसूण नको. एकदा बुकिंगबरोबर लेखी कळवा, आणि चढल्या दिवशी पहिल्या जेवणाला हेड वेटरला तोच कागद द्या. रोजच्या डाळ-भाताचंही तसंच. आदल्या रात्री सांगितलं की दुसऱ्या दिवशी होतं, ऐनवेळी सांगितलं की धावपळ होते. टेबलाशी येणाऱ्या पोरांना मराठीत एखादं वाक्य बोलून बघा. कोकणातली, गोव्यातली पोरं बोटींवर पुष्कळ आहेत.

सामानाचं एक कळकळीने सांगतो. एका बोटीवर माझ्या सेक्शनमधल्या पाहुण्यांनी रक्तदाबाच्या गोळ्या टॅग लावलेल्या बॅगेत घालून खाली दिल्या. बॅग केबिनच्या दारात आली रात्री नऊला. बाई तोवर पांढऱ्याफटक पडल्या होत्या. औषधं, पासपोर्ट, व्हिसाचे कागद, काकांची कवळीची डबी आणि पहिल्या रात्रीचे कपडे हातातल्या पिशवीत ठेवा. उतरण्याच्या आदल्या रात्री बॅगा दाराबाहेर जातात, तेव्हाही हेच.

रेडिंगहून

मी इथे सतरा वर्षं आहे, आईबाबांना दोनदा साउदॅम्प्टनला पोचवलंय. सामानाबद्दल थोडी भर घालते.

बोटीवर नगांना मर्यादा नाही हे खरं, पण एक बॅग २३ किलोच्या आत ठेवा, कारण बंदरावर ती माणसं उचलतात. आणि सगळं तुमच्याच केबिनमध्ये राहतं. रिकाम्या बॅगा पलंगाखाली जातात.

पण मोजायचं ते प्रवासातल्या सगळ्यात अरुंद जागेला. तुमच्यासाठी ती जागा म्हणजे मुंबई-लंडन विमान. बोट दहा बॅगा घेईल, तुमचं विमानाचं तिकीट घेणार नाही. समई आणि पुस्तकं विमानाला जड होतील, म्हणून मुलाकडे कोणी येणार असेल त्याच्याबरोबर आधीच थोडं थोडं पाठवून ठेवा. आम्ही आईची सगळी भांडी तशीच जमवली आणि मग बोटीने पुढे धाडली. गॅलाच्या, म्हणजे नटूनथटून जेवायला जायच्या, संध्याकाळी पैठणी आणि बाबांना बंदगळा चालतो, काळा सूट मुद्दाम शिवू नका. बोटीवरच्या धुलाईच्या खोलीत मशीन आणि इस्त्री फुकट आहे, म्हणून रोजचे चार जोड पुरतात. स्वतःची इस्त्री किंवा किटली नेली तर काढून घेतात.

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन बंदरात उतरल्यावर खाण्याचं जे जे असेल ते कस्टम्सच्या माणसाला सांगा, लाडूसुद्धा. ताजी फळं आणि आंबे नेऊच नका.

आणखी एक, हे बाईंच्या यजमानांसाठी. पश्चिमेला जाताना सातपैकी पाच रात्री घड्याळ एकेक तास मागे जातं. गोळ्या ठराविक तासांच्या असतील तर डॉक्टरांकडून आधीच तक्ता लिहून घ्या. रक्त पातळ करायच्या गोळ्या असतील तर नक्कीच.

शाळेतल्या बाई, कोथरूड

तुमचं सगळ्यांचं यांना मोठ्याने वाचून दाखवलं. बटाट्याच्या फोडींपाशी मला थांबावं लागलं.

मुलाला फोन केला. आमच्या तारखेला ब्रिटानिया क्लबमध्ये दोनच केबिन उरल्यात. त्यातली एक मधल्या भागातली आहे, ती धरून ठेवायला सांगितली. उरलेल्या पैशांत मुलगी आणि जावई परतीच्या खेपेला आमच्याबरोबर येतील का, ते विचारतेय. हे म्हणाले, दोघांचं टेबल नको, चौघांचं घे, मी हळू जेवीन आणि त्यांनी तोवर बोलत बसावं.

गोळ्यांचा तक्ता उद्याच करून घेते. हे रक्त पातळ करायच्याच गोळ्या घेतात आणि मागच्या तीन खेपांना मी हा विचारच केला नव्हता. समई भाचीबरोबर मेमध्ये जाईल.

बोटीवरलो, तुम्हाला एक विचारते. क्लबमध्येही तो कागद हेड वेटरलाच द्यायचा ना? आणि दशमीला सांगू की चढल्याबरोबर?

बोटीवरलो, वेंगुर्ला

चढल्याबरोबर, काकी. पहिल्या संध्याकाळी जेवायला बसायच्या अर्धा तास आधी दालनाशी जा, तेव्हा हेड वेटर मोकळा असतो. कागदावर इंग्रजी तारीख आणि वार लिहा, "एकादशी" नको. दशमीच्या रात्री फक्त आठवण करा. आणि काका हळू जेवतात हेही त्याच कागदावर लिहा, सगळ्यात वर.