पिहूला ऐकू येत नाही, नागपुरात असे पालक आहेत का कोणी?

पिहूची आई: पिहू २ वर्षांची आहे, मागच्या महिन्यात बेरा टेस्ट (ऐकण्याची तपासणी) झाली, दोन्ही कानांनी ऐकू येत नाही म्हणाले. सासूबाई अजूनही मागून ताट वाजवून बघतात. कानाचं ऐकायचं मशीन लावलं की ओढून तोंडात घालते, मी नुसती रडून राहिली. बोलायला कोणी आहे का?

मनीषनगरचा बाबा: ताई, आमचा पोरगा आता ९ चा. मशीन आधी १० मिनिटंच लावा, आवडीचं खेळणं हातात देऊन, मग वाढवत न्या. आम्ही दोरीनं शर्टाला अडकवायचो, नाहीतर नालीत गेलं असतं. कॉक्लियर इम्प्लांट, म्हणजे ऑपरेशन करून बसवायचं ऐकण्याचं यंत्र, करायचं असेल तर थांबू नका, केंद्राच्या एडिप या दिव्यांगांसाठीच्या योजनेत ५ वर्षांपर्यंतच्या लेकरांना मदत मिळते. यूडीआयडी कार्डाचा (दिव्यांग ओळखपत्राचा) अर्जही आत्ताच भरा.

सक्करदऱ्याची काकू: इम्प्लांट करा नाहीतर नका करू, पण खुणांची भाषा घरात सगळे शिका, आजीसकट. त्यानं बोलणं मागे पडते म्हणतात, मला नाही पटत. माझ्या लेकीनं ओठांशी हात नेऊन पाणी मागितलं, त्या दिवसापासून तिचं डोकं आपटणं कमी झालं बघा. आयएसएलआरटीसी या खुणांच्या भाषेच्या सरकारी संस्थेच्या शब्दकोशाचे व्हिडिओ फुकट आहेत.

पिहूची आई: रविवारी महाराजबागेत याल का दोघंही? सासूबाईंनाही आणते.

काकू: येतो नं. ५ वाजता.