नागपूरच्या उन्हात कोणती गाडी कशी निभावली? : अनुभव धागा

येत्या फेब्रुवारीत माझ्या गाडीच्या नोंदणीला पंधरा वर्षे पूर्ण होतील. तपासणी करून ती आणखी पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी, नवी पेट्रोलची गाडी घ्यावी की विजेवरची घ्यावी, याची चर्चा आमच्या घरात दिवाळीपासून सुरू आहे. शोरूममधून आणलेल्या एकाही माहितीपत्रकाने आमच्या मुख्य प्रश्नाला हात घातलेला नाही. नवतप्यात पारा ४५ अंशांच्या वर गेलेला असताना, दुपारी दोन वाजता छत्रपती चौकात अडकलेली गाडी कशी वागते, हा तो प्रश्न आहे. म्हणून ज्यांनी जी गाडी स्वतः चालवली असेल, त्यांनी तिच्याविषयी लिहावे, अशी विनंती आहे. गाडीचे वय, रोजचे अंतर आणि झालेला खर्च आवर्जून सांगावा. ऐकीव माहिती नको.

महाल, १९९८ सालची मारुती ८००

ही गाडी माझ्या वडिलांनी घेतली आणि मी ती आजही चालवतो. तिच्या नोंदणीचे नूतनीकरण २०१३, २०१८ आणि २०२३ असे तीनदा झाले. प्रत्येक वेळी तपासणी, हरित कर आणि किरकोळ दुरुस्त्या धरून खर्च वाढतच गेला, तरी गाडी विकावी असे वाटले नाही, कारण ७९६ सीसीचे ते तीन सिलिंडरांचे इंजिन आमच्या गल्लीतल्या मिस्त्रींना पाठ आहे आणि महालातल्या अरुंद रस्त्यांवर एवढी सोयीची दुसरी गाडी मला मिळालेली नाही.

उन्हाळ्यात मात्र तिच्याकडे लक्ष द्यावे लागते. चार वर्षांपूर्वी मे महिन्यात रामटेकहून परतताना कामठीजवळ रेडिएटरचा जुना रबरी पाइप फुटला. तो बदलायला मिस्त्रींनी दोनदा सांगितले होते; मीच टाळले. तेव्हापासून दर मार्चमध्ये पाइप, पट्टा आणि कूलंट यांची तपासणी मी चुकवत नाही. वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल आल्यावर इंधनाच्या नळ्या आणि वॉशरही बदलून घेतले, कारण जुन्या गाड्यांचे रबर त्या इंधनासाठी बनवलेले नसते. लिटरमागे एखादा किलोमीटर कमी मिळतो. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असल्यामुळे ते अपेक्षितच होते. माझा वापर दिवसाला आठ किलोमीटरचा आहे. तो चाळीसचा असता, तर मी ही गाडी ठेवली नसती.

अंबाझरी लेआउट, पाच महिन्यांची नवी गाडी

माझा अनुभव उन्हाचा नाही, पाण्याचा आहे. पण नवी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाने तो वाचावा, असे मला मनापासून वाटते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचे पाणी आमच्या वस्तीत शिरले. आम्ही जागे होऊन खाली आलो, तेव्हा पार्किंगमध्ये पाणी गाडीच्या सीटपर्यंत पोहोचले होते.

पाणी ओसरल्यावर बाबांनी, गाडी चालू होते का एवढेच पाहावे म्हणून, स्टार्टचे बटण दाबले. इंजिनात शिरलेले पाणी पिस्टनने दाबले जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकला आणि इंजिन जाम झाले. आमच्या सर्वसमावेशक विम्यात पुराचे नुकसान समाविष्ट होते, त्यामुळे सीट, वायरिंग आणि गालिचे यांची भरपाई मिळाली. मात्र इंजिनाचे नुकसान पुरामुळे नसून नंतर गाडी सुरू केल्यामुळे झाले, असे सर्वेक्षकांनी लिहिले आणि इंजिन-संरक्षणाची वेगळी जोड आम्ही घेतलेली नसल्यामुळे तो खर्च आमच्यावर आला. गाडी घेताना त्या जोडीचे काही हजार रुपये मीच वाचवले होते. बाबांनी पुढे कितीतरी दिवस त्या गाडीला हात लावला नाही, आणि त्याचे मला पैशांपेक्षा जास्त वाईट वाटले. पाण्यात उभी राहिलेली गाडी कधीही सुरू करू नका. बॅटरीची तार काढा, फोटो घ्या आणि ती ओढूनच गॅरेजला न्या.

शेजारच्या काकांची चौदा वर्षांची गाडी त्याच पाण्यात होती. त्यांच्या मिस्त्रींनी प्लग काढून पाणी बाहेर काढले, तेल दोनदा बदलले आणि पंधरवड्यात ती चालू केली. नव्या गाडीत सीटखालीही नियंत्रक पेट्या आणि जोडण्या असतात, हे मला त्या दिवसांत कळले.

प्रतापनगर, भाड्याची गाडी

आम्ही दोघे नोकरीला मेट्रोने जातो, म्हणून स्वतःची गाडी ठेवलेली नाही. वर्षातून चार-पाच वेळा काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेली, स्वतः चालवायची गाडी भाड्याने घेतो. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाल्यापासून बहुतेक प्रवास छत्रपती संभाजीनगरकडे असतो. पहिल्याच खेपेला गाडी परत करताना दारावरच्या एका जुन्या ओरखड्याचे पैसे आमच्या अनामत रकमेतून कापले गेले. आता किल्ली हातात घेण्याआधी गाडीभोवती फिरून, वेळ दिसेल असे चित्रीकरण करते.

त्याहून महत्त्वाचे टायर. टायरच्या बाजूवर चार आकडे एका चौकटीत असतात. पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. एकदा मिळालेल्या गाडीच्या मागच्या टायरवर १४१७ होते, म्हणजे २०१७ चा चौदावा आठवडा. नक्षी चांगली दिसत होती, तरी मी ती गाडी नाकारली. तापलेल्या काँक्रीटवर ताशी १२० किलोमीटरच्या मर्यादेत सलग तीन-चार तास धावताना जुने रबर दगा देऊ शकते. हवा सकाळी निघताना, टायर थंड असतानाच तपासतो, आणि मे महिन्यात पहाटे चारला, नागपूरकडच्या टोकाला शिवमडक्याहून महामार्गावर चढतो.

मानेवाडा, विजेवरची गाडी, तीन वर्षे

रोज बुटीबोरीला जाऊन-येऊन साठ किलोमीटर होतात. बॅटरी सुमारे तीस युनिटांची आहे. थंडीत पूर्ण चार्जवर २२० किलोमीटर मिळतात. मे महिन्यात, एसी सतत चालू असताना, १८० धरून चालते. सर्वांत मोठे सुख असे की निघण्याच्या दहा मिनिटे आधी, गाडी सॉकेटला जोडलेली असतानाच, घरातून एसी सुरू करता येतो. दिवसभर पत्र्याच्या शेडखाली तापलेल्या पेट्रोलच्या गाडीत बसताना जीव कासावीस होत असे, ते संपले. सिग्नलला उभे असतानाही गारवा कमी होत नाही, कारण कॉम्प्रेसर इंजिनाच्या फेऱ्यांवर अवलंबून नसतो.

किलोमीटरमागे वीज पावणेदोन रुपयांची पडते. आधीच्या गाडीला पेट्रोल सात रुपयांचे लागे. मात्र गाडीमुळे घरचे वीजबिल वरच्या दराच्या टप्प्यात जाते, हे हिशेबात धरले पाहिजे. सोसायटीत माझ्या मीटरवरून पार्किंगपर्यंत १५ अँपिअरची तार नेण्यास परवानगी मिळायला चार महिने लागले. त्या काळात बाहेरच्या जलद चार्जरवर जात असे. भर दुपारी बॅटरी तापलेली असली, तर तिला जपण्यासाठी चार्जिंगचा वेग आपोआप कमी होतो आणि पाऊण तासाचे काम सव्वा तासावर जाते. आता रात्री अकरानंतर घरी लावते. पहाटेपर्यंत काम होते.

सदर, परिचारिका

मानेवाड्याच्या ताई, माझी आई चंद्रपूरला असते. महिन्यातून तीनदा रात्रपाळी संपवून थेट निघावे लागते, आणि कधीकधी फोन आल्यावर अर्ध्या तासात. एका बाजूचे अंतर दीडशे किलोमीटर आहे. तुमच्यासारखी गाडी मला चालेल का? माझी डिझेलची गाडी नऊ वर्षांची आहे.

मानेवाडा

ताई, माझी गाडी ताशी ऐंशीने चालवली तर चंद्रपूर एका चार्जमध्ये गाठते, पण शंभरच्या पुढे वाऱ्याचा अवरोध इतका वाढतो की वरोऱ्यापर्यंतच काटा खाली येतो. उन्हाळ्यात तर वाटेतल्या जाम गावी थांबून चार्ज केल्याशिवाय मी निघणार नाही, आणि तुमच्यासारख्या निकडीच्या प्रवासात चार्जरपुढे रांग असली तर तो अर्धा तास फार मोठा वाटेल. आईंच्या घरी १५ अँपिअरचा सॉकेट बसवता येत असेल आणि तुम्ही चाळीस युनिटांच्या वरची बॅटरी घेऊ शकत असाल, तरच घ्या. नाहीतर डिझेलची गाडी आणखी दोन-तीन वर्षे ठेवा. घेण्याआधी एकदा माझी गाडी घेऊन चंद्रपूरला जाऊन या. रविवारी ती घरीच असते. शनिवारी रात्री पूर्ण चार्ज करून ठेवते.